सिमेंट म्हणजे आधी डबर होतं

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक संदेश आला. सोसायटी ठाण्यातली, घोडबंदर रस्त्याला लागून. पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, त्यामुळे सध्या ग्रुपवर कार्पेट एरिया, कॉर्पस आणि बांधकामाचा दर्जा यांखेरीज दुसरा विषय नसतो. त्या गर्दीत हा मजकूर सगळ्यांना आवडून गेला. दोन दिवसांत तोच मला नेरुळच्या मेव्हण्याकडून आणि जुन्या साइटवरच्या मंडळींकडूनही आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं:

"सिमेंट हा शब्द इंग्रजी नाही, संस्कृत आहे. दोन दगडांची सीमा जिथे संपते ती जागा सांधणारा तो 'सीमन्त'. इंग्रजांनी आपल्याकडून हे तंत्र आणि शब्द दोन्ही नेले आणि १८२४ साली पेटंट घेतलं. पुरावा हवा? सगळ्या भारतीय भाषांत हा शब्द एकच आहे. ठाणे, घोडबंदर, बेलापूरचे किल्ले सीमन्तानेच बांधलेले आहेत. आपल्या 'वीट' शब्दाचंही त्यांनी 'ब्रिक' केलं. अभिमान असेल तर पुढे पाठवा."

मी एरवी अशा संदेशांच्या वाटेला जात नाही. पण आमच्याच मजल्यावर आठवीतली एक मुलगी राहते. मराठी भाषा गौरव दिनाच्या भाषणासाठी तिने हा मजकूर वहीत उतरवून घेतला आणि "काका, तुम्ही साइटवर होतात ना, आणखी काही सांगा" म्हणून माझ्याकडे आली. माझी तीस वर्षं वाशी, नेरुळ, बेलापूरच्या बांधकामांवर गेली आहेत आणि शब्दांच्या कोशांत मला पहिल्यापासून रस आहे. तिला खोटं काही शिकवायचं नाही आणि तिचा उत्साहही मोडायचा नाही, म्हणून सगळं नीट लिहून काढतो आहे. ज्यांनी संदेश पाठवला त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती माहितीबद्दल.

सुरुवात सीमन्तापासूनच करू, कारण हा शब्द काही कोणी हवेतून काढलेला नाही. सीमा आणि अन्त मिळून तो झाला. त्याचा मुख्य अर्थ केसांचा भांग. गर्भवतीचा सीमन्तोन्नयन संस्कार त्याच अर्थावरून आला. सुश्रुतसंहितेत हाडांच्या सांध्यांच्या संदर्भातही सीमन्त येतो, म्हणजे 'सांध्याची जागा' हा अर्थ ओढूनताणून आणलेला नाही, हे मी आधीच मान्य करतो. १८९९ साली आलेल्या मोनियर-विल्यम्सच्या जाड्या संस्कृत कोशात हेच अर्थ सापडतील: भांग, संस्कार, शरीरावरची विभाजक रेषा, हद्द. चिकटवणारा किंवा सांधणारा पदार्थ मात्र त्यात नाही. आणि तो नसणं साहजिक आहे. भांग केसांना दोन बाजूंना करतो, सीमा दोन शेतांना वेगळं करते. सीमन्त ही वेगळं करणारी रेघ आहे. जोडणाऱ्या लगद्याला तेच नाव कोणी का देईल?

आपल्या पूर्वजांना भिंतीवर लावायच्या लगद्यासाठी शब्द नव्हता असंही नाही. चुन्याच्या लेपाला संस्कृतात 'सुधा' म्हणतात, आणि सुधेने लिंपलेलं घर ते 'सौध'. महालाला सौध का म्हणायचं याचं उत्तर त्याच्या पांढऱ्या चुन्यात आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत वज्रलेपाची कृतीच दिली आहे: कवठ, टेंभुर्णीची कच्ची फळं, सावरीची फुलं असे पदार्थ पाण्यात घालून अष्टमांश उरेपर्यंत उकळायचे. इतके नेमके शब्द हाताशी असताना आपण भांगाचा शब्द उसना घ्यायला निघालो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता सिमेंटचं मूळ. लॅटिनमध्ये 'कायदेरे' म्हणजे कापणे, तोडणे. त्यावरून 'कायमेन्टुम', म्हणजे तोडलेल्या दगडाचे ओबडधोबड तुकडे. साइटवरच्या भाषेत सांगायचं तर डबर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन लेखक केटो याने शेतीवरच्या आपल्या पुस्तकात शेतघर कसं बांधावं ते लिहिलं आहे. तिथे भिंती 'चुना आणि कायमेन्टा' यांच्या करा असं तो सांगतो. दोन वेगळ्या वस्तू आहेत हे लक्षात घ्या. सांधणारा तो चुना, सांधला जाणारा तो कायमेन्टा. आज ज्याला आपण सिमेंट म्हणतो त्याच्या अगदी उलट बाजूला हा शब्द तेव्हा उभा होता!

मग तो गोणीत कसा शिरला? पायरी पायरीने. दगडाचे तुकडे, मग चुन्यात मिसळायची दगडाची आणि कौलांची भुकटी, मग भुकटी घातलेला चुना, आणि शेवटी सांधणारी कोणतीही वस्तू. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा 'सिमां' झाला, तो चुन्यात घालायच्या विटाकौलांच्या भुकटीसाठी वापरत. आपल्याकडे अगदी हीच वस्तू आहे आणि तिला आपण सुरखी म्हणतो. सुरखी हा फारसी शब्द, अर्थ लाली. फ्रेंच गवंड्याने भुकटीला नाव दिलं ते तुकड्यांवरून, आपण दिलं ते रंगावरून. जुन्या बांधकामांवर काम केलेल्या कोणालाही सुरखी माहीत असते, म्हणून मुलीला हा टप्पा समजवायला मला एक मिनिटही लागलं नाही.

उच्चाराचा पुरावा तर याहूनही भक्कम आहे. आपल्याला 'सि'मेंट आणि 'सी'मन्त ऐकताना सारखे वाटतात, कारण आज सुरुवातीला स आहे. जुन्या लॅटिनमध्ये तिथे स्वच्छ क होता. इंग्रजीत ज्याला सीझर म्हणतात त्याचा त्या काळचा उच्चार 'काइसार'. जर्मन 'कायझर' त्यावरूनच आला, आणि तोच शब्द ग्रीक, अरबी, फारसी असा फिरून 'कैसर-ए-हिंद' या पदवीत आपल्याकडे पोचला. सीझर आणि सिमेंट या दोन्हींत लॅटिन अक्षरं सुरुवातीला तीच आहेत. म्हणजे रोमन गवंडी म्हणायचा 'काय-', आणि स हा कित्येक शतकांनंतर फ्रेंचांच्या तोंडी आला. सीमन्तातून शब्द गेला असता तर सुरुवातीपासून स असता. शेपटाचंही तसंच. '-मेन्टुम' हा लॅटिनचा ठरलेला प्रत्यय, क्रियेतून वस्तू बनवणारा. डॉक्युमेंट, मोन्युमेंट, अपार्टमेंट, बेसमेंट या सगळ्यांचं 'मेंट' तेच आहे. आपल्या सोसायटीच्या नावातला 'अपार्टमेंट' संस्कृत 'मन्त'वरून आला असं कोणी म्हणत नाही. मग एकट्या सिमेंटला का वेगळं काढायचं?

काही जण यावर म्हणतात, संस्कृत आणि लॅटिन बहिणी आहेत, मग साम्य असणारच. बहिणी आहेत हे अगदी खरं. विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात ते मांडलं, आणि पुढच्या अभ्यासाने ते पक्कं झालं. आपला 'छिद्' धातू, ज्यावरून छिद्र आणि छेद आले, आणि लॅटिन 'स्किन्देरे' म्हणजे फाडणे, चिरणे, हे सख्खे नातेवाईक आहेत. पण नातं असणं वेगळं आणि एकीने दुसरीकडून शब्द उचलणं वेगळं. नातं ठरतं ते ठरावीक अक्षरबदलांवरून, शेकडो शब्दांत पुन्हा पुन्हा तपासून. कानाला सारखं लागलं म्हणून नातं जोडता येत नाही.

'इंग्रजांनी नेला' हा मुद्दा तारखांपुढे टिकतच नाही. इंग्रजीत हा शब्द इसवी सन १३०० च्या सुमाराला लिहिलेला सापडतो. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ साली, ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० साली. कंपनीच्या तीनशे वर्षं आधी इंग्लंडमधला माणूस हा शब्द लिहीत होता. १८२४ हे साल तेवढं खरं आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या विटा रचणाऱ्या कारागिराने पेटंट घेतलं, पण ते एका विशिष्ट भाजलेल्या भुकटीचं. घट्ट झाल्यावर ती इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या पोर्टलँड बेटावरच्या दगडासारखी दिसते, म्हणून त्याने तिला पोर्टलँड सिमेंट म्हटलं. तेव्हा सिमेंट हा शब्द इतका रुळलेला होता की त्याच्याआधीच, १७९६ साली, दुसऱ्या एका इंग्रजाने 'रोमन सिमेंट' म्हणून पुढे गाजलेल्या मालाचं पेटंट घेतलेलं होतं.

साइटवर रोज दिसणारी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पन्नास किलोच्या गोणीवर ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड सिमेंट) किंवा पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) अशी अक्षरं असतात. त्यांतला एक पी पोर्टलँडचा. पीपीसीतला दुसरा पी पोझोलानाचा, म्हणजे नेपल्सजवळच्या पोझुओली गावाचा. तिथली ज्वालामुखीची राख चुन्यात घातली की तो पाण्याखालीही घट्ट होतो, हे रोमन लोकांना ठाऊक होतं. आज आपण राखेच्या जागी बहुतेक वेळा औष्णिक वीजकेंद्राची राख वापरतो, तरी नाव त्या गावाचंच राहिलं आहे. ठाण्यात उतरणाऱ्या गोणीवर दोन परक्या गावांचे पत्ते आहेत, आणि ते वाचता येणं ही मला मोठी गंमत वाटते.

'सगळ्या भारतीय भाषांत एकच शब्द, म्हणून तो संस्कृत.' हा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, आणि नेमका तोच उलटा पडतो. जुना शब्द भाषेभाषेत झिजतो. नदीतला गोटा जसा प्रत्येक वळणावर वेगळा घासला जातो, तसा. संस्कृत इष्टकेची मराठीत वीट झाली, हिंदीत ईंट, बंगालीत इट, कन्नडात इट्टिगे. चूर्णाचं प्राकृतात चुण्ण आणि मराठीत चुना झालं. सीमन्तही झिजलाच आहे: बंगालीत भांगाला 'सिंथी' म्हणतात, ते सीमन्ताचंच रूप. सीमन्त गवंड्यांच्या तोंडी हजार-दोन हजार वर्षं असता तर आज तो असाच कुठे सिंथी, कुठे आणखी काही झाला असता. सिमेंट सगळीकडे सारखा आहे कारण तो सगळीकडे एकदमच, गेल्या दीडदोनशे वर्षांत, पिंपातून आणि मग गोणीतून आला. आधी तो इंग्लंडहून बोटीने येई. पोरबंदरच्या कारखान्यात उत्पादन सुरू झालं ते १९१४ साली. त्या ट कडेही बघा. इंग्रजीतला तो वर्ण आपल्या कानाला ट लागतो: हॉटेल, तिकीट, मीटर, सिमेंट. घरचा शब्द असता तर त टिकला असता. आणि झीज कशी असते ते बघायचं तर आमच्या गावाकडच्या गवंड्याचा 'शिमिट' ऐका. शंभर वर्षांत इतपत झालं आहे.

किल्ल्यांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण ते किल्ले रोजच्या वाटेवर आहेत. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमाराला बांधायला घेतला, १७३७ साली तो मराठ्यांकडे आला, आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. घोडबंदरचा किल्लाही पोर्तुगीजांच्या काळातला. या बांधकामांत दगड आणि चुना आहे. कोकणपट्टीत हा चुना शिंपले भाजूनही करत. मग तो विरवायचा, घाणीत दगडी चाकाखाली दिवसेंदिवस मळायचा, त्यात कुठे गूळ, कुठे हिरड्याचं किंवा बेलफळाचं पाणी. मळण जितकी जास्त तितका माल चिवट. ती मेहनत करणाऱ्या माणसांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत. त्यांच्या चुन्याला सिमेंट म्हणणं म्हणजे उरलंसुरलं श्रेयही पुसणं. आणि त्याही आधीचं बघायचं तर अंबरनाथचं शिवमंदिर आहे, १०६० सालच्या शिलालेखाचं. तिथे तर दगडात दगड बसवून काम भागवलं आहे, सांध्यात चुन्याचाही आधार नाही.

तोच चुना मात्र खरोखर परदेशी गेला. लुदोविको दि वार्थेमा या इटालियन प्रवाशाचं वर्णन १५१० साली रोममध्ये छापलं गेलं. त्यात विड्याच्या पानाला लावायच्या शिंपल्यांच्या चुन्यासाठी त्याने इथलाच शब्द, 'च्योनामा' असा, टिपला आहे. पुढे दक्षिणेतल्या उच्चारावरून इंग्रजांनी 'चुनम' हा शब्द घेतला आणि मद्रासच्या संगमरवरासारख्या गुळगुळीत गिलाव्याला तेच नाव राहिलं. ज्याला निर्यात झालेला शब्द हवा आहे त्याने हा घ्यावा. त्याला तारखा आहेत, साक्षीदार आहेत.

शब्दाचा प्रवास सिद्ध कसा होतो याचं माझं आवडतं उदाहरण इजिप्तचं आहे. तिथे कच्च्या विटेला 'जबत'च्या जवळपासचा एक शब्द होता. कॉप्टिकमध्ये, म्हणजे त्याच भाषेच्या पुढच्या काळातल्या रूपात, तो 'तोबे' झाला, अरबीत 'तूब', अरबी उपपद चिकटून 'अत्तूब', स्पेनमध्ये 'आदोबे', आणि तिथून अमेरिकेत मातीच्या घरांना 'अ‍ॅडोबी'. हजारो वर्षांचा प्रवास, आणि प्रत्येक टप्प्यावर लिहिलेला कागद किंवा दगड. कर्जतहून मुंबईला लोकलने आलो असं म्हणणाऱ्याला ठाणे लागलंच पाहिजे. सीमन्ताच्या प्रवासात एकही स्टेशन लागत नाही.

विटेबद्दल आता. इंग्रजी 'ब्रिक' पंधराव्या शतकाच्या सुमाराला डच 'ब्रिके'वरून आला, आणि त्याचं नातं 'ब्रेक' म्हणजे मोडणे याच्याशी लागतं. त्याआधी इंग्रज विटेलाही लॅटिन 'तेगुला'वरून आलेला शब्द वापरत, ज्याची आजची टाइल झाली. वीट आणि ब्रिक यांचा काहीही संबंध नाही.

पण इष्टकेची खरी हकीकत माहीत असती तर संदेश लिहिणाऱ्याला ब्रिकची गरजच पडली नसती. ऋग्वेदात इष्टका सापडत नाही, यजुर्वेदाच्या परंपरेत अग्निचयनाच्या, म्हणजे विटा रचून यज्ञाची वेदी बांधण्याच्या विधीसोबत ती येते. शतपथ ब्राह्मणात वेदीच्या १०,८०० विटांचा हिशोब वर्षातल्या मुहूर्तांशी जुळवला आहे. तिकडे इराणात अवेस्तेच्या, म्हणजे पारशी धर्मग्रंथाच्या भाषेत तिची बहीण 'इश्त्य' आहे. इराणच्या दरायस राजाने तिथल्याच सूसा शहरातल्या राजवाड्याचा शिलालेख कोरला, इसवी सनापूर्वी ५२२ ते ४८६ हा त्याचा राज्यकाळ, त्यात 'इश्ति' आहे आणि त्या विटा बाबिलोनच्या लोकांनी पाडल्या असंही नोंदलं आहे. आजच्या फारसीत 'खिश्त'. आणि इथे जवळ, जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या नालासोपाऱ्यात, भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरलेला स्तूप भाजक्या विटांचा आहे. ज्या विटेवर विठोबा उभा आहे तिच्या नावाचे नातेवाईक सूसापर्यंत आहेत.

याहून पुढची गोष्ट मी त्या मुलीला शेवटी सांगितली. स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस बुकानन १८०० च्या सुमाराला म्हैसूर, कॅनरा, मलबार असा फिरला. केरळात अंगडिपुरमजवळ त्याने जांभा पाहिला. जमिनीतून काढताना मऊ, लोखंडी हत्याराने सहज कापता येणारा, आणि हवा लागली की विटेसारखा कडक. स्थानिक बोलींत त्याला 'इटिका कल्लु' म्हणतात, म्हणजे विटेचा दगड, अशी नोंद त्याने केली. १८०७ च्या पुस्तकात त्याने त्या दगडाला शास्त्रीय नाव सुचवलं 'लॅटेराइट', लॅटिनमध्ये 'लातेर' म्हणजे वीट. आज जगभरचे भूशास्त्रज्ञ तोच शब्द वापरतात. त्या 'इटिका'त आपली इष्टकाच आहे. शब्द गेला नाही, अर्थ गेला, आणि कुठून गेला ते घेणाऱ्याने स्वतः लिहून ठेवलं.

मुलीची आजी देवगडकडची. ती बाजूला बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आमच्याकडे त्याला चिरा म्हणतात. खाणीत चिरून काढतात ना." मी वही पुढे ओढली आणि मुलीला दोन ओळी लिहायला सांगितल्या. 'कायदेरे, कापणे, कायमेन्टुम, कापलेल्या दगडाचे तुकडे.' आणि त्याखाली, 'चिरणे, चिरा.' सीमन्ताचं पान तिने स्वतःच खोडलं.